टेकडीचा उतार निवासी करायची नोटीस आली आहे, हरकतीत नेमकं काय लिहू?

कढीलिंबाचं परस

पुण्याच्या दक्षिणेला एका टेकडीच्या पायथ्याशी आमची बावीस बंगल्यांची सोसायटी आहे. १९९४ साली राहायला आलो तेव्हा थोरला बालवाडीत होता. शेवटची ओळ टेकडीला लागून, आणि त्या ओळीतलं कोपऱ्यावरचं घर आमचं. परसात कढीलिंब, त्यामागे पुरुषभर उंचीची दगडी भिंत, भिंतीच्या डोक्यावर गवत आणि तिथून टेकडी सुरू.

मागच्या रविवारी पेपरात जाहीर नोटीस आली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७. आमच्या मागच्या गटातला अडीच एकरांचा पट्टा डोंगरमाथा-डोंगरउतार विभागातून वगळून निवासी विभागात टाकायचा प्रस्ताव आहे. हरकती-सूचना महिन्याभरात द्यायच्या. तिथे चौदा बंगले होणार, असं जागेवरचा वॉचमन सांगतो. नोटिशीत बंगल्यांचा आकडा नाही.

आता आमच्या भिंतीबद्दल सांगते, कारण माझी काळजी तिथून सुरू होते. दर पावसाळ्यात जुलैचा तिसरा आठवडा आला की कोपऱ्यातल्या दोन दगडांमधला सांधा आधी काळा पडतो. मग त्यावर हाताला बुळबुळीत शेवाळ येतं. आणि एका सकाळी गुडघ्याएवढ्या उंचीवरून विणायच्या सुईएवढी बारीक धार सुरू होते. स्वच्छ, गार पाणी. दसऱ्यापर्यंत वाहतं. एवढी वर्षं मी त्याखाली बादली ठेवत आले, कुंड्यांना घालायला.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वर पोकलेन चढला. मोजणीसाठी वाट करतोय म्हणाले. वाट म्हणजे काय, तर उताराच्या पोटात दीड पुरुष उभा कापून आगगाडी जाईल एवढी रुंद जागा केली. मुरमाचे डंपर पंधरा दिवस आमच्या गेटवरून खाली जात होते. त्या पावसाळ्यात धार एका जागेऐवजी चार जागी आली आणि बादलीत तांबडा गाळ बसायला लागला. भिंतीला पोट आलंय असं मला वाटलं, पण घरातले म्हणाले तुला भास होतोय. म्हणून भिंतीच्या माथ्यावर खिळा ठोकून ओळंबा सोडला. जूनमध्ये मधल्या दगडापासून दोरी अकरा सेंटिमीटर लांब होती, ऑक्टोबरमध्ये आठ. तीन सेंटिमीटर भिंत पुढे आली आहे. भास नव्हता.

सोसायटीची मीटिंग झाली. कुणी म्हणतं टेकडीचा देखावा जाईल असं लिहू, कुणी म्हणतं शांतता जाईल, कुणी म्हणतं लिहून काही होत नाही. मला घरं नकोत असं म्हणायचं नाही. लोकांना घरं लागतात, आणि माझं स्वतःचं घरही उताराच्या पायथ्याशीच आहे. मला एवढंच विचारायचंय की ते पाणी कुठून जाणार. हे हरकतीत कसं मांडलं म्हणजे बाजूला टाकता येणार नाही? आधीच झालेल्या खोदकामाचं काय करायचं? आणि सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र द्यावं की प्रत्येकाने वेगळं?

जुना आरेखक

ताई, नगररचनेत एकतीस वर्षं नकाशे काढले, आता निवृत्त आहे. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

आधी दोन गोष्टींची गल्लत काढून टाका. तुमच्यासमोर आत्ता बंगले नाहीतच, झोन आहे. कलम ३७ म्हणजे मंजूर विकास योजनेतला फेरबदल. राजपत्रात आणि पेपरात नोटीस, एक महिना हरकतींना, मग सुनावणी, मग अहवालासह प्रस्ताव सरकारकडे. शेवटची मंजुरी सरकारची. उद्या हा झोन बदलला आणि बंगल्यांचे नकाशे कलम ४४ खाली दाखल झाले, की तिथे शेजाऱ्याला विचारायची सोय आपल्या कायद्यात नाही. तो अर्जदार आणि कार्यालय यांच्यातला मामला. म्हणजे तुमचं म्हणणं रीतसर ऐकून घ्यावं लागेल अशी वेळ हीच. मोठमोठ्या सोसायट्या 'नकाशे आले की बघू' म्हणत गप्प बसतात आणि नंतर हळहळतात, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं आहे.

देखावा आणि शांतता यांना कागदावर वजन नाही, त्यात कागद घालवू नका. दोन मुद्द्यांना वजन आहे. एक, कलम ३७ खालचा फेरबदल योजनेचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, असं कलमातच आहे. डोंगरउताराची पट्टी ज्या कारणासाठी राखली ते कारण संपलंय का, हे प्रस्तावात दाखवलंय का, ते विचारा. दोन, उतार. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम तर नाहीच, कापणं, सपाटीकरण, भराव हेही नाही. हा नियम २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत स्पष्ट आहे. झोनचा रंग बदलला तरी उतार बदलत नाही.

म्हणून उतार स्वतः मोजा. यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पाणसळीची नळी असते ती आणा, पारदर्शक, दहा-बारा मीटर लांब. पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, एक बुडबुडा सगळं चुकवतो. दोन सारख्या काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक माणूस वर, एक खाली. दोघांमध्ये टेप आडवी ताणून पाच मीटर अंतर घ्या. टेप गवतावर टेकवू नका, तसं केलं तर आडवं अंतर कमी भरतं आणि समोरचा तेवढ्यावरून तुमचं सगळं मोजमाप खोडून काढेल. दोन्ही काठ्यांवरची पाण्याची पातळी वाचा, वजाबाकी करा. पाच मीटरला एक मीटर किंवा जास्त उतरलं की एकास पाच झालं. दहा-बारा ठिकाणी मोजा, प्रत्येक जागेचा फोटो घ्या, मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा. जिथे उतार कमी भरेल ती जागाही लिहा, लपवू नका. जागामालकाच्या हद्दीत शिरायचं नाही, पायवाटेवरून आणि तुमच्या भिंतीच्या बाजूने जेवढं जमेल तेवढंच.

प्रस्तावाच्या फाइलमध्ये कंटूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघांचा, नकाशा असेल. तो कुठल्या तारखेच्या मोजणीवरून काढला ते बघा. उतार मूळ जमिनीचा धरायचा, कापल्यानंतरचा नव्हे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर भिस्त ठेवू नका. १:५०,००० च्या शीटवर वीस मीटरला एक रेघ असते, अडीच एकरांचं त्यातून काही कळत नाही. फाइल बघायला दिली नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात प्रत मागा, पण उत्तराला तीस दिवस धरा. महिना त्यातच जाईल. म्हणून हरकत आधी द्या, कागद मिळाले की पुरवणी द्या.

खोदकामाची तक्रार वेगळ्या दारात आहे, ती हरकतीत मिसळू नका. मुरूम म्हणजे गौण खनिज. परवाना आणि स्वामित्वधन भरल्याशिवाय डोंगरातून काढून नेला असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि गाड्या-यंत्रं ताब्यात घेता येतात. अर्ज तहसीलदारांकडे, पंचनामा तलाठ्याकडून. डंपरचे फोटो असतील तर तारखेसह जोडा. विनापरवाना काम चालू दिसलं तर नियोजन प्राधिकरणाला कलम ५४ खाली ते थांबवता येतं.

सह्यांचं विचाराल तर माझ्या अनुभवात बावीस सह्यांचं एक पत्र एक हरकत म्हणून नोंदलं जातं. शेवटच्या ओळीतल्या प्रत्येक घराने आपापल्या भिंतीबद्दल, आपल्या शब्दांत वेगळं द्यावं. छापील मसुद्यावर फक्त नाव बदलू नका. प्रत्येकाने 'प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य घाला आणि आवक क्रमांक, शिक्का, तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दीड गुंठा

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. ताईंना दुखवायचं नाही.

१९९१ साली वडिलांनी टेकडीवर दीड गुंठा घेतला. गिरणीतून मिळालेले पैसे होते. विकणाऱ्याने चुन्याच्या रेघा मारून प्लॉट दाखवला होता, रस्ता येणार, वीज येणार म्हणाला होता. पुढे १९९७ ला तेवीस गावं हद्दीत आली आणि आमची टेकडी जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात गेली. एकूण ९७८ हेक्टरचं आरक्षण, त्यात आमचा दीड गुंठा. २०१५ मध्ये मोबदला ठरला, आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. दीड गुंठा म्हणजे १,६३३ चौरस फूट. त्याचे आठ टक्के १३० चौरस फूट. एक खोलीही नाही. वडील गेले. जाण्याआधी दर दिवाळीला तिथे जाऊन दगडाला चुना लावून यायचे, हद्द पुसू नये म्हणून.

टेकडी वाचली पाहिजे हे मला पटतं. माझी मुलं त्याच टेकडीवर पळायला जातात. पण जी घरं आधी झाली ती पायथ्याची झाली, आणि आमच्यासारखे नंतर आले ते डोंगर फोडणारे ठरले, हे मनाला लागतं. अडीच एकरवाल्याचा झोन अर्ज करून बदलतो आणि दीड गुंठेवाल्याचा बदलत नाही, हेही हरकतीत लिहायला हवं असं मला वाटतं.

कढीलिंबाचं परस

दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. तुमच्या वडिलांचा तो चुना डोळ्यांसमोर आला.

तुमचं खरं आहे. आमची सोसायटी झाली तेव्हा खालच्या गावठाणातल्या लोकांची या उतारावर गुरं चरायची. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही. आमच्यामुळे ओहोळ दोन बंगल्यांच्या मधून अडीच फुटी पाइपात गेला, आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या वस्तीतल्या चार घरांत पाणी शिरलं. तेव्हा आम्ही वर्गणी काढून पाइप बदलला, पण ते त्यांच्या चुली विझल्यानंतर. म्हणूनच मला घरं झाल्यावर भांडायचं नाही, घरांच्या आधी विचारायचं आहे.

एका मोठ्या पट्ट्यासाठी वेगळा फेरबदल का, सगळ्या टेकडीचा एकत्र विचार का नाही, हा तुमचा मुद्दा मी माझ्या पत्रात तिसरा म्हणून घालते.

खडक आणि पाणी

मी भूजलाचं काम करतो. ताईंच्या भिंतीतली धार वाचून राहवलं नाही.

आपल्या टेकड्या म्हणजे लाव्हाचे थरावर थर. वर काळा पाषाण, त्याला उभ्या भेगा. खाली मांजऱ्या, भोकाभोकांचा, लवकर झिजणारा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा पातळ थर असतो. पाऊस पाषाणाच्या भेगांतून खाली उतरतो, तांबड्या थरावर आला की त्याला खाली जाता येत नाही, म्हणून तो आडवा सरकतो आणि उताराच्या अंगावर बाहेर पडतो. तुमची विणायच्या सुईएवढी धार ती हीच असणार. पावसाळा सुरू झाल्यावर पाच-सहा आठवड्यांनी येते, कारण तेवढा वेळ त्या पाण्याला डोंगरातून यायला लागतो.

आता घाबरवण्यासाठी नाही, पण स्पष्ट सांगतो. धारा चार झाल्या याची मला तेवढी काळजी वाटत नाही. बादलीत गाळ बसतोय याची वाटते. तीस वर्षं पाणी स्वच्छ येत होतं म्हणजे भिंतीमागची माती जागेवर होती. गढूळ येतंय म्हणजे भिंतीमागून माती निघून चालली आहे आणि तिथे पोकळी होते आहे. वरच्या कापणीत तांबडा थर उघडा पडलाय का ते लांबून बघा. काळ्या-करड्या खडकात विटेच्या रंगाची आडवी पट्टी दिसली तर समजा पडलाय.

भिंतीला गिलावा करू नका. धार बंद करायला कुणी सिमेंट भरायला निघालं तर हात धरा. लोक नेमकं हेच करतात, आणि पाणी अडलं की भिंतीवर मागून दाब येतो. उलट पाणी निघायला वाट द्या. तळाच्या रांगेत ठरावीक अंतरावर तीन इंची पाइप, आतल्या तोंडाला जाळी आणि मागे खडी. पण हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, पावसाआधी, एकेक भोक करत करा. एकदम सगळा तळ पोखरू नका. आणि पावसाळ्यात त्या कोपऱ्यात कुणी झोपत असेल, भांडी घासायला बाई बसत असेल, तर ती जागा बदला. कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर भिंत मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर कोसळली आणि पंधरा जण गेले. पलीकडे नव्या बांधकामाचं खोदकाम चालू होतं.

हरकतीत माळीणचं नाव घालावं असं कुणी सुचवेल. मी घालणार नाही. ३० जुलै २०१४ ला तिथे दरड कोसळून जे झालं तो सह्याद्रीचा उंच कडा आणि तिथला धो-धो पाऊस. शहराच्या टेकड्यांचा धोका निराळा आहे. इथे ओघळ अडतात, वळतात आणि भलत्या ठिकाणी बाहेर पडतात. त्याचं उदाहरण जवळच आहे. ६ जून २०१३ ला कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडल्यामुळे पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेली. तो पावसाळ्याचा पहिला आठवडा होता.

आता आकडा घ्या, हा लिहाच. अडीच एकर म्हणजे साधारण दहा हजार चौरस मीटर. त्यावर एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. आज त्यातलं बरंच गवत आणि मुरूम पितात. छपरं, रस्ते, पेव्हर ब्लॉक झाले की जवळजवळ सगळं खाली येणार, आणि तेही तासाभरात. तेव्हा मागणी अशी करा: या पट्ट्यातले सगळे ओघळ नकाशावर दाखवा, वरून येणारं पाणी अडवणारा चर कुठे घेणार ते दाखवा, आणि शेवटचा पाइप कुठल्या नाल्यात, कुठल्या ठिकाणी सोडणार आणि त्या नाल्यात तेवढी जागा आहे का, ते दाखवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते तुमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

एक विचारू? ही धार दरवर्षी त्याच जागी येते याची कुठे नोंद आहे का? तारखा, फोटो, काहीही.

म्हापशेकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात कलम १७अ आहे, १९९७ पासून. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर मुख्य नगरनियोजकाची लेखी परवानगी आधी लागते. घराची परवानगी वेगळी, डोंगर कापायची वेगळी. तरी डोंगर कापले जातातच, पण निदान 'वाट करत होतो' असं सांगून सुटता येत नाही. पुढे २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, प्रादेशिक आराखड्यात एकेका भूखंडाचा झोन दुरुस्त करून देणारं. लोक कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तुमचा कायदा वेगळा, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू नाही. पण एकेक तुकडा काढत गेलं की आराखडाच उरत नाही, हे आम्ही आमच्या गावात पाहिलंय. आरेखक काकांचा मूळ स्वरूपाचा मुद्दा सोडू नका.

कढीलिंबाचं परस

महिना उलटला म्हणून कळवते. सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन रविवार उतार मोजला. गवंडीदादा नळी घेऊन आले, वरच्या काठीपाशी ते, खालच्या काठीपाशी मी, आणि आकडे सूनबाईने लिहिले. पहिल्या वेळी नळीत बुडबुडा राहिला, सगळं परत केलं. अकरा जागा मोजल्या. आठ ठिकाणी पाच मीटरला एक मीटरपेक्षा जास्त उतरतं, सगळ्यात जास्त एक मीटर बेचाळीस. तीन ठिकाणी कमी भरलं, तिन्ही वरच्या सपाटीकडची. तीही लिहिली.

फाइल बघायला मिळाली. खिडकीवरच्या मुलीने नकाशा टेबलावर उलगडून दिला आणि चारही कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले. कंटूरच्या मोजणीची तारीख गेल्या वर्षीचा जून. पोकलेन आला होता एप्रिलमध्ये. नकाशात उताराच्या मधोमध एक सपाट पट्टा दिसतो, आणि तोच हिशेबात धरून तिथला उतार एकास पाचपेक्षा सौम्य लिहिला आहे. ती जागा मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. तिथे सपाट काहीच नव्हतं, करवंदीची जाळी होती. हे पुरवणीत पहिल्या ओळीत लिहिलं, मोजणीची तारीख आणि डंपरच्या फोटोची तारीख शेजारी-शेजारी ठेवून. तहसीलदारांकडे वेगळा अर्ज दिला, पंचनामा झाला, पुढचं अजून कळलं नाही.

आमच्या ओळीतल्या सात घरांनी सात वेगवेगळी पत्रं दिली. शेजारच्या काकूंनी आपल्या पत्रात फक्त त्यांच्या शोषखड्ड्याचं लिहिलं, तो पूर्वी कधी भरत नव्हता आणि आता भरतो म्हणून. मला ते पत्र सगळ्यात चांगलं वाटलं.

आणि नोंदीचं तुम्ही विचारलंत, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्यांना सवय होती, गॅसचा सिलिंडर लावला, दुधाचा खाडा झाला, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. हे गेले त्याला चार वर्षं झाली. जुनी कॅलेंडरं मी ट्रंकेत ठेवली होती, रद्दीत घालवली नव्हती. १९९६ पासूनची चौदा सापडली. त्यातल्या अकरांवर जुलैत किंवा ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत निळ्या शाईने लिहिलंय, 'पाझर सुरू'. १२ जुलैच्या आधी एकदाही नाही, २ ऑगस्टच्या नंतर एकदाही नाही. २००३ च्या कॅलेंडरवर फक्त 'उशीर' लिहून पुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या साली पाऊस लांबला होता, ते काळजी करत होते.

सुनावणीला माझ्या वाट्याला सात मिनिटं आली. मी देखावा, शांतता काही बोलले नाही. पन्नास टँकर सांगितले, अकरा जागांचा तक्ता दिला. अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, हे पाणी पूर्वीपासून येतं याला पुरावा काय? मी पिशवीतून कॅलेंडरं काढून टेबलावर ठेवली. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, २००३ चं जरा जास्त वेळ बघितलं, आणि शेजारी बसलेल्या लेखनिकाला म्हणाले, छायाप्रती फाइलला लावा. जागामालकाच्या वतीने आलेले इंजिनिअर म्हणाले की पाण्याची व्यवस्था नकाशे मंजुरीच्या वेळी दाखवू. मी म्हटलं, त्या वेळी मला कुणी विचारणार नाही, म्हणून आत्ता दाखवा. तेवढं वाक्य नोंदवून घ्या अशी विनंती केली आणि ते नोंदवलं गेलं. इतिवृत्ताची प्रत मागितली आहे.

भिंतीला इंजिनिअर बघून गेले. तळाला सात पाइप सांगितलेत. दोन झाले, बाकीचे या महिन्यात होतील. कोपऱ्यातली मोरी बुजवून घासायची जागा पुढच्या दारी आणली. कढीलिंब मात्र काढावा लागेल असं म्हणतात, मुळं नेमकी तिथेच गेली आहेत. फांद्या कलमाला लावल्या आहेत.

जुना आरेखक

ताई, कापणीच्या आधीची जमीन कशी होती हे आता सिद्ध व्हायला हवं. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रह चित्रं बघता येतात, सालाप्रमाणे मागे जाता येतं. कापणीच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन छापून पुरवणीला लावा. त्यात खोदकाम कळेल, उतार कळणार नाही. उतारासाठी बाजूने काढलेला जुना फोटो हवा, ज्यात मोजता येईल अशी एखादी वस्तू असेल. माणूस, खांब, देऊळ, काहीही.

कढीलिंबाचं परस

काका, उपग्रहाची चित्रं नातवाने काढली, करवंदीची जाळी त्यात स्पष्ट दिसते.

फोटोसाठी इथेच विचारते. आमच्या टेकडीवर अर्ध्या वाटेवर म्हसोबाचं छोटं देऊळ आहे, शेंदूर लावलेला दगड आणि त्यावर पत्रा. त्याच्या पलीकडचा उतार म्हणजेच हा अडीच एकरांचा पट्टा. पूर्वी आषाढात खालच्या गावठाणातली माणसं तिथे नैवेद्य घेऊन जायची, शाळेच्या सहलीही यायच्या. कुणाच्या अल्बममध्ये त्या देवळापाशी काढलेला फोटो असेल, मागे उतार दिसत असेल, तर कृपा करून मला निरोप करा. फोटोतल्या माणसांचे चेहरे झाकून पाठवलेत तरी चालेल. मला देवळाचा खांब आणि मागचं गवत एवढंच हवं आहे. खांबाची उंची मी मोजून ठेवली आहे, दोन मीटर दहा.